तांबडा सिग्नल आणि लोखंडी हात

रेल्वेचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास सापडतं. ‘प्रथमदर्शनी चालकाची चूक असल्याचे दिसते.’ हा ‘प्रथमदर्शनी’ शब्द आम्हा सरकारी कारकुनांच्या फार ओळखीचा. फाईलवर तो एकदा पडला की चौकशी अजून व्हायची असली तरी कुणाची मान पुढे करायची ते ठरून गेलेलं असतं. त्यातून चालक अपघातातच गेला असेल तर मग काही विचारायलाच नको. मेलेला माणूस खुलासा लिहून देत नाही.

१७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालात रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून एका मालगाडीनं धडक दिली. किमान दहा माणसं गेली, त्यांत मालगाडीचा लोको पायलटही होता. मालगाडीच्या चालकानं सिग्नल पाळला नाही असं दिसतं, हे त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगून झालं. पुढच्या महिन्यात रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला तेव्हा चित्र बरंच निराळं निघालं. त्या टापूतले स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडलेले होते. बिघडलेले सिग्नल ओलांडण्याची परवानगी चालकाला स्टेशनातून रीतसर कागदावर मिळालेली होती. आणि गाडी किती वेगानं न्यायची, हेच त्या कागदावर नव्हतं!

या कागदाकडे मी पुन्हा येणार आहे. पण त्याआधी एका जुन्या, साध्या, लोखंडी वस्तूची ओळख करून द्यायची आहे. कारण माणसाच्या चुकीकडे कसं पाहावं याचा फार मोठा धडा त्या वस्तूत आहे आणि तो आपण अजून नीट गिरवलेला नाही, असं माझं मत आहे.

आगगाडीत साखळी असते, ती ओढली की गाडी थांबते, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण ती थांबते कशी? गाडीच्या इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी गेलेली असते आणि तिच्यात दाबाखालची हवा असते. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब गेला की ब्रेक लागतात. साखळी ओढणं म्हणजे त्या नळीला एक भोक मोकळं करून देणं. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास ही उलटी युक्ती काढली. उलटी अशासाठी, की साध्या बुद्धीला वाटेल, ब्रेक लावायला जोर हवा आणि सोडायला काही नको. वेस्टिंगहाउस यांनी जोर ब्रेक सोडायला लावला. त्यामुळे नळी फुटली, डबे सुटले, काहीही बिघडलं तरी गाडी थांबण्याच्याच बाजूला झुकते.

या युक्तीची किंमत जगाला कळली ती १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथं. रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडकली, म्हणून मागचे डबे सोडवून ठेवले. त्यांना असे आपोआप लागणारे ब्रेक नव्हते. डबे उतारावरून मागं घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी जीव गेले, त्यांत पुष्कळशी मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून प्रवासी गाड्यांना असे ब्रेक सक्तीचे केले.

आता तो लोखंडी हात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शहरांत विजेच्या गाड्या आल्या. एकामागोमाग एक, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं धावणाऱ्या, काही पुलांवरून तर काही बोगद्यांतून. अशा ठिकाणी एका चालकाची एक डुलकी म्हणजे पुढच्या गाडीत घुसणं. तेव्हा बोस्टनमध्ये १९०१ साली, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९०४ साली आणि त्याच सुमारास लंडनमध्ये एक यंत्र बसवलं गेलं. त्याला ट्रेन स्टॉप म्हणतात. सिग्नलपाशी रुळाच्या कडेला एक आखूड लोखंडी हात. सिग्नल तांबडा असला की हा हात उभा राहतो, हिरवा झाला की आडवा पडतो. गाडीच्या खाली, चाकांजवळ, एक खटका लोंबत असतो. चालक तांबडा सिग्नल ओलांडून पुढं गेलाच, तर उभा हात त्या खटक्यावर आपटतो, खटका फिरतो, ब्रेकच्या नळीतली हवा भस्सकन बाहेर पडते आणि गाडी थांबते. म्हणजे काय, तर रुळाकाठचा हात गाडीची साखळी ओढतो! बस्स, एवढंच यंत्र आहे हे. चालकाला विचारत नाही, समजावत नाही, आधी घंटाही वाजवत नाही.

लंडनच्या यंत्रातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हात उभा करायला स्प्रिंग आहे आणि तो खाली दाबून धरायला दाबाखालची हवा. हवेची नळी फुटली, वीज गेली, सिग्नल बिघडला, तर स्प्रिंग आपलं काम करते आणि हात उभा राहतो. यंत्र मोडलं तर ते ‘थांब’ म्हणत मोडतं.

हे तत्त्व आपल्याला अगदीच परकं नाही. जुन्या माणसांना हाताचे सिग्नल आठवत असतील. हात खाली पडला की गाडी निघायची, म्हणून ‘सिग्नल पडला’ असं म्हणायची रीत होती. त्या हाताची तार तुटली तर वजनाच्या भारानं तो पुन्हा आडवा, म्हणजे ‘थांबा’वर, जायचा. बोरघाटात उतारावर कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्ग सोडून चढावर जाणारा तो एक आंधळा फाटा. घाट उतरणाऱ्या गाडीनं आधी उभं राहून आपण ताब्यात आहोत हे दाखवायचं, मग तिला सरळ वाट मिळते. ताबा सुटलेली गाडी त्या फाट्यात चढून थकून थांबते. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारा आपला दूधसागरचा घाटही बोरघाटाइतकाच, सदतीस फुटांत एक फूट उतरणारा. अशा घाटात गाडीचा ताबा म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांनी हे सगळं बांधलं त्यांनी गृहीत धरलं होतं की माणूस कधीतरी चुकणार आणि लोखंड कधीतरी तुटणार. मग त्या दिवशी काय व्हावं, हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं.

इथं एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाकाऊ नाही. गाडी आपोआप थांबणार हे ठाऊक असलं की चालक ढिला पडेल, असं शंभर वर्षांपूर्वीचे रेल्वेचे अधिकारीही म्हणत असत. जबाबदारी माणसावरच हवी, तिची धार बोथट करू नका, असा त्यांचा सूर होता. ऐकायला हे फार बाणेदार वाटतं. पण चालकाचा दिवस कसा असतो याचा विचार करा. एका पाळीत तो शेकडो सिग्नल पाहतो. पावसात, धुक्यात, समोर सूर्य असताना, पहाटे तीनला, घरी मूल तापलेलं असताना. त्यातले बहुतेक सगळे तो बरोबर पाहतो. आयुष्यभरात लाखो सिग्नल बरोबर पाहिलेल्या माणसाचा एक चुकतो, तेव्हा आपण त्याला निष्काळजी म्हणतो. हा हिशेब कुठल्या गणितात बसतो?

५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनला पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह इथं एका लोकलच्या चालकानं तांबडा सिग्नल ओलांडला आणि समोरून येणाऱ्या वेगवान गाडीशी टक्कर झाली. ३१ माणसं गेली, दोन्ही चालकही गेले. लोकलचा चालक जेमतेम दोन आठवड्यांचा नवा. प्रथमदर्शनी चूक कोणाची, ते उघड होतं. पण चौकशीत बाहेर आलं की तोच सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा असाच ओलांडला गेला होता. तो अशा जागी होता की नीट दिसायचाच नाही. आठ निरनिराळ्या वेळी तेच घडत असेल तर दोष डोळ्यांत की सिग्नलच्या जागेत? त्या गाडीत इशारा देणारी यंत्रणा होती. ती भोंगा वाजवायची आणि चालकानं बटण दाबलं की गप्प व्हायची. पिवळ्या सिग्नललाही तोच भोंगा, तांबड्यालाही तोच. दिवसातून कितीतरी वेळा वाजणाऱ्या भोंग्यावर हात आपोआप बटणाकडे जातो. सकाळी गजर बंद करून पुन्हा झोपणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. त्या मार्गावर तांबड्यापाशी सक्तीनं गाडी थांबवणारं काही नव्हतं. लंडनच्याच भुयारी रेल्वेत मात्र ते नव्वदेक वर्षांपूर्वीपासून होतं. पुढं २००३ च्या अखेरपर्यंत ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर त्या लोखंडी हाताचा विजेवर चालणारा भाऊ बसवला गेला.

तर ढिलाईच्या आक्षेपाला माझं उत्तर असं. लंडनमध्ये गाडी ‘ट्रिप’ झाली की चालकाची सुटका होत नाही. खटका पुन्हा जागेवर बसवावा लागतो, वर कळवावं लागतं, कारण द्यावं लागतं. चूक लपत नाही आणि तिच्यापायी माणसंही मरत नाहीत. आपल्याला खरी जबाबदारी हवी असेल तर याहून चांगली कुठली मिळेल? चूक केलेला माणूस जिवंत राहतो, काय झालं ते सांगू शकतो आणि दहा चुका एकाच सिग्नलवर झाल्या तर तो सिग्नल हलवता येतो.

मात्र लोखंडी हात म्हणजे देवाचा हात, असं मानणारे भाबडेही असतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली न्यूयॉर्कची. ५ जून १९९५ रोजी विल्यम्सबर्ग पुलावर एक गाडी तांबडा सिग्नल ओलांडून गेली. हातानं आपलं काम चोख केलं, ब्रेक लागले, तरी ती पुढच्या गाडीवर आदळली आणि चालक दगावला. कारण काय? तिथल्या सिग्नलांमधली अंतरं १९१८ साली ठरवलेली होती. नंतर गाड्या जड झाल्या, वेगवान झाल्या, त्यांना थांबायला जास्त जागा लागू लागली. अंतरं मात्र जुनीच राहिली. हात गाडी थांबवतो, पण थांबायला जागा द्यायचं काम माणसांचं आणि ते एकदा करून भागत नाही. गाडी बदलली की पुन्हा मोजावं लागतं.

दुसरी लंडनच्या मूरगेटची. २८ फेब्रुवारी १९७५ च्या सकाळी शेवटच्या स्टेशनात येणारी गाडी थांबलीच नाही आणि पुढच्या बंद बोगद्यात घुसली. ४३ जण गेले. चालकानं असं का केलं ते आजवर कळलेलं नाही. इथं तांबडा सिग्नल ओलांडायचा प्रश्नच नव्हता, कारण गाडीला फलाटावर यायचंच होतं. हात होता तो सिग्नल पाळायला, वेग मोजायला नव्हे. त्यानंतर लंडनच्या बंद फलाटांवर वेग मोजणारे हात बसले. गाडी ठरल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचली, म्हणजे जास्त वेगात आहे, तर हात उभाच राहतो.

तिसरी गोष्ट आपल्या कागदाशी नातं सांगणारी. ८ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये स्ट्रॅटफर्डजवळ बोगद्यात सिग्नल बिघडला होता. असं झालं की थांबायचं, मग अगदी सावकाश, पुढचं दिसत असेल तेवढ्याच बेतानं पुढं जायचं, असा नियम होता. एक गाडी बेतानं गेली नाही आणि १२ माणसं मेली. हात ओलांडायची अधिकृत परवानगी मिळाल्यावर हाताचा काय उपयोग? म्हणून पुढं लंडनच्या गाड्यांना अशी सोय झाली की एकदा ट्रिप झाल्यावर काही काळ गाडी वेगच घेऊ शकत नाही.

आता रंगापाणीचा कागद आठवा. तिथंही सिग्नल बिघडलेले, तिथंही ते ओलांडायची परवानगी, तिथंही मागून धडक. स्ट्रॅटफर्डनंतर ७१ वर्षांनी! मी आयुष्यभर फॉर्म भरत आणि भरवून घेत आलो आहे. फॉर्ममध्ये ज्या गोष्टीला रकाना नसतो ती गोष्ट जगात नसते, हा कचेरीचा पहिला नियम. वेगाचा रकाना नसलेला कागद घेऊन एक माणूस सकाळी इंजिनात चढला आणि मग त्याच्या नावापुढं ‘प्रथमदर्शनी’ लागलं. त्या मार्गावर आपोआप ब्रेक लावणारी कुठलीच यंत्रणा तेव्हा नव्हती. सुरक्षा आयुक्तांनी ती लवकर बसवा असं सुचवलं, तेही अपघातानंतर.

यंत्रणा बसवली की संपलं असंही नाही. १९ सप्टेंबर १९९७ रोजी लंडनजवळ साऊथॉल इथं एक एक्स्प्रेस तांबडा सिग्नल ओलांडून मालगाडीवर गेली आणि सात जण मेले. चालकाचं लक्ष नव्हतं हे खरंच. पण त्या गाडीतली इशारा देणारी यंत्रणा बिघडली म्हणून बंद करून ठेवलेली होती. तिच्याहून चांगली, आपोआप थांबवणारी दुसरी यंत्रणाही त्याच गाडीत होती. तीसुद्धा चालू नव्हती. दोन दोन रखवालदार ठेवले आणि दोघांनाही झोपायला परवानगी दिली!

हे वाचून हसू नये. आपल्या कचेऱ्यांतून काय चालतं? पूर्वी तरतूद संपलेल्या खात्यावरही बिल पास होऊन जायचं आणि तीन वर्षांनी ऑडिटवाले येऊन एखाद्या निवृत्त कारकुनाला शोधत बसायचे. आता संगणक असं बिल घेतच नाही. तो आमचा लोखंडी हात. चांगली गोष्ट आहे. पण ज्या कचेरीत साहेबांचा पासवर्ड शिपायापासून सगळ्यांना पाठ असतो, तिथं तो हात दोरीनं बांधून ठेवलेला असतो. काम अडू नये म्हणून, एवढंच कारण. साऊथॉललाही काम अडू नये हेच कारण होतं.

आपल्या कोंकण रेल्वेचा या गोष्टीत मानाचा भाग आहे आणि तो विसरला जातो. २ ऑगस्ट १९९९ रोजी बंगालात गैसल इथं दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या. अडीचशेहून अधिक माणसं गेली. रेल्वेमंत्री नीतीशकुमार यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याचं कौतुक झालं आणि ते योग्यही होतं, पण राजीनाम्यानं गाडी थांबत नाही. त्याच काळात कोंकण रेल्वेचे प्रमुख बी. राजाराम यांनी टक्करविरोधी यंत्र तयार करायला घेतलं. इंजिनातलं यंत्र उपग्रहावरून आपली जागा ओळखणार, रेडिओवरून दुसऱ्या इंजिनाशी बोलणार आणि धोका दिसला की स्वतः ब्रेक लावणार. त्याचं नाव ठेवलं ‘रक्षा कवच’. कोंकण रेल्वेवर आणि ईशान्येकडे ते बसवलं गेलं. पण देशभर पसरलं नाही. शेजारशेजारच्या दोन रुळांपैकी गाडी नेमक्या कुठल्या रुळावर आहे हे उपग्रहाच्या भरवशावर खात्रीनं सांगणं जमेना आणि चुकून लागणारे ब्रेक कुणालाच नको असतात. आमच्या एकेरी मार्गावर जे चाललं ते चौपदरी मार्गावर अडलं.

पुढं २०१२ पासून नव्यानं काम सुरू झालं आणि त्यातून आजचं ‘कवच’ निघालं. त्यात रुळावरच खुणेच्या चकत्या बसवतात. इंजिन त्यांवरून जाताना आपला रूळ आणि जागा ओळखतं, सिग्नल रेडिओवरून इंजिनात येतो आणि चालकानं ब्रेक लावला नाही तर यंत्र लावतं. लोखंडी हात गेला, पण तत्त्व तेच. २०२० साली ते देशाची अधिकृत यंत्रणा ठरलं. ४ मार्च २०२२ रोजी हैदराबादच्या बाजूला रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले आणि समोर उभ्या इंजिनापासून ३८० मीटरवर ते आपोआप थांबलं. सगळ्यात आधी दक्षिण मध्य रेल्वेच्या सुमारे दीड हजार किलोमीटरवर ते बसलं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावरचा मथुरा-कोटा टप्पा झाला. आपला एकूण रेल्वेमार्ग जवळपास ६९ हजार किलोमीटरचा. अजून किती वाट चालायची आहे, ते यावरून ज्यानं त्यानं काढावं.

पैसा लागतो हे कबूल. दर किलोमीटरला, दर इंजिनाला लागतो. पण नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवताना फोटो निघतो. जी टक्कर झालीच नाही तिचा फोटो कोण काढणार? न झालेल्या अपघाताला मतदारसंघ नसतो. म्हणूनच हा खर्च दरवर्षी ‘पुढच्या टप्प्यात’ जातो, असा मला दाट संशय आहे. मुंबईच्या लोकलला तांबड्यावर ब्रेक लावणारी यंत्रणा कितीतरी वर्षांपासून आहे. रोज लाखो चाकरमानी तिच्या भरवशावर जातात आणि बहुतेकांना ती आहे हेही ठाऊक नसतं. असंच असायला हवं. पण त्याच चाकरमान्यानं गणपतीला किंवा शिगम्याला गावी जाणारी लांबची गाडी धरली, की त्याचा जीव पुन्हा एका माणसाच्या दोन डोळ्यांवर येऊ नये, एवढीच मागणी आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. २ जून २०२३ च्या बालासोरच्या अपघाताला, जिथं २९० च्या वर माणसं गेली, चालकाची चूक कारण नव्हती आणि ‘कवच’ असतं तरी तो टळला नसता. तिथं सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. सिग्नल ‘सरळ जा’ म्हणत होता आणि रूळ बाजूला वळत होता. यंत्राशी माणूस खोटं बोलला तर यंत्र काय करणार? तेव्हा तारा जोडणाऱ्याच्या कामावर दुसऱ्याची नजर हवी, त्या नजरेची नोंद हवी, आणि नोंद करायला रकाना हवा. कारकुनी वाटते ही भाषा. पण माणसं वाचतात ती बऱ्याचदा अशाच कारकुनीनं.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच, की चालकाच्या खाली खटका लावणं हा त्याच्यावरचा अविश्वास नाही. सगळं ओझं एकट्याच्या डोळ्यांवर टाकून मग तो चुकला की त्याला दोषी ठरवणं, हा खरा अन्याय. यंत्र चालकाला म्हणतं, तू चांगला आहेस, तरी तू माणूस आहेस, तेव्हा मी मागं उभा आहे.

वाचकांना मी एकच सुचवीन. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ते ‘प्रथमदर्शनी’चं वाक्य दिसलं की चालकाचं नाव वाचून पान उलटू नका. त्या मार्गावर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा होती का? असेल तर त्या दिवशी चालू होती का? आणि चालू नसेल, तर ती कोणाच्या सहीनं बंद होती? ही तीन उत्तरं बातमीत नसतील तर संपादकांना पत्र लिहून विचारा.